वादी कुठे आहे, हे आधी विचारा

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई.



दिवाणी न्यायालयाच्या बोर्डावरचा एखादा जुना दावा सुनावणीला येतो. पट्टेवाला दारात उभा राहून वादीच्या नावाचा पुकारा करतो, पण कोणी पुढे येत नाही. प्रतिवादीचे वकील उठून हजेरी सांगतात. वादीच्या वकिलांचा पत्ता नसतो. दुपारनंतर पुन्हा पुकारा होतो, तेव्हाही कोणी नाही. मग निशाणी १ खाली दोन ओळींचा आदेश होतो की वादी व त्यांचे वकील वारंवार पुकारूनही गैरहजर, सबब दावा काढून टाकण्यात येतो. बहुतेक प्रकरणांत या आदेशाबद्दल तक्रार करण्याजोगे काही नसते. ज्याने दावा लावला त्याला तो चालवायचा नसेल, तर न्यायालयाने आणि प्रतिवादीने किती वर्षे त्याच्यासाठी ताटकळत बसावे? पण त्याच दिवशी तो वादी येरवड्यात, तळोज्यात, हर्सूलला, कळंब्याला किंवा गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात असेल, तर त्या आदेशातला ‘गैरहजर’ हा शेरा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो. आपल्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातल्या दिवाणी न्यायालयांनी तुरुंगातल्या वादीचा दावा गैरहजेरीत काढण्यापूर्वी तो कुठे आहे हे विचारावे आणि त्याला कळवावे, असा नियम आपण करावा, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

गैरहजेरीत दावा काढण्याच्या तरतुदीमागे एक साधा तर्क आहे. माणसाला येता येत असते आणि तो येत नाही, तेव्हा त्याने दाव्याचा नाद सोडला असे मानायला हरकत नाही. सगळा भर ‘येता येत असते’ या भागावर आहे. तो काढून घेतला की गैरहजेरीवरून मनातला इरादा ओळखता येत नाही. तुरुंगातल्या माणसाचे येणे त्याच्या हातात नसते. न्यायालयाचा आदेश, अधीक्षकांचा होकार, पोलिसांची कैदी पार्टी आणि गाडी हे सगळे जुळले तर तो येतो. दावा सरकारविरुद्ध असेल, म्हणजे कोठडीतल्या मारहाणीची, तुरुंगात वेळेवर न मिळालेल्या उपचारांची किंवा हिरावलेल्या मालमत्तेची भरपाई मागणारा असेल, तर वादीला न्यायालयापर्यंत पोचवणे न पोचवणे हे सर्वस्वी प्रतिवादीच्याच हाती राहते. प्रतिवादीने आणले नाही म्हणून वादी आला नाही, आणि वादी आला नाही म्हणून प्रतिवादी जिंकला, असा निकाल कायद्याच्या कुठल्याही तत्त्वात बसवता येणार नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 या दृष्टीने वाचली की एक उणीव ठळकपणे दिसते. संहितेला तुरुंग माहीतच नाही असे नाही. प्रतिवादी तुरुंगात असेल तर काय करायचे, हे आदेश 5 चे नियम 24 आणि 29 सांगतात: समन्स तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे पाठवायचे, आणि ते त्या बंद्यावर बजावून, त्याची सही घेऊन परत पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम. साक्षीदार तुरुंगात असेल तर त्याच्यासाठी 1976च्या दुरुस्तीने आदेश 16-अ हे वेगळे प्रकरणच घातले गेले. त्याला न्यायालयात कसे आणायचे, तुरुंग पंचवीस किलोमीटरहून लांब असेल तर काय, कमिशनद्वारे साक्ष कशी घ्यायची, हे सगळे त्यात तपशिलाने आहे. वादी तुरुंगात असेल तर मात्र संहिता गप्प आहे. पहिल्या दोघांची तिने नीट काळजी घेतली, कारण त्यांच्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. वादी नसला तर दावा संपवण्याची सोय तिच्याकडे आहेच, म्हणून बहुधा त्याच्याबद्दल काही लिहावे असे कोणाला वाटले नाही. मला ही धोरणाने घेतलेली भूमिका वाटत नाही. तो राहून गेलेला मुद्दा आहे, आणि म्हणूनच तो भरून काढणे सोपे आहे.

राहून गेलेल्या या मुद्द्याची किंमत मोठी आहे. आदेश 9 नियम 8 खाली, म्हणजे प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असताना, दावा निघाला की नियम 9 प्रमाणे त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही. पुरेसे कारण दाखवून जुना दावा पुन्हा दप्तरी घेण्याचा अर्ज करणे एवढीच वाट उरते, आणि मुदत अधिनियम 1963च्या अनुच्छेद 122 प्रमाणे त्याला तीस दिवस मिळतात. हे तीस दिवस दावा निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, वादीला कळल्यापासून नव्हे. लगेच पुढचा अनुच्छेद 123 पाहावा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेणाऱ्या प्रतिवादीलाही तीसच दिवस आहेत, पण समन्स नीट बजावले गेले नसेल तर ते हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. ज्याला कळलेच नाही त्याची मुदत सुरू होत नाही, हे तत्त्व शेजारच्याच ओळीत कायद्याने मान्य केले आहे. तुरुंगातल्या वादीला ते लागू नाही. दावा निघाल्याचे त्याला कोण सांगणार? ज्या वकिलांना तारखेला जाता आले नाही, ते मुलाखतीला तुरुंगात जाऊन ही बातमी देतील, यावर भरवसा ठेवायचा का?

गरीब बंद्याची अवस्था याहून बिकट होते. न्यायालय शुल्क परवडत नसेल तर आदेश 33 खाली निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते. पण नियम 3 प्रमाणे तो अर्ज अर्जदाराने स्वतः न्यायालयात येऊन द्यायचा असतो. हजर राहण्यातून त्याला सूट असेल तरच तो मुखत्यारामार्फत देता येतो. परवानगी मिळाली, दावा सुरू झाला आणि पुढे गैरहजेरीत निघाला, तर नियम 11 प्रमाणे आधी माफ झालेले शुल्क भरण्याचा आदेश न्यायालयाने करायचा आहे. म्हणजे ज्याला बराकीबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याचा दावा तो आला नाही म्हणून जातो आणि वर शुल्काची वसुलीही लागते. याच संहितेत आदेश 6 नियम 14-अ खाली, वादीने नोंदवलेला पत्ता खोटा निघाला तर न्यायालय दावा स्थगित करू शकते आणि खरा पत्ता दिल्यावर तो पुन्हा चालू होऊ शकतो. खोटा पत्ता देणाऱ्याला परतीची वाट ठेवणारी संहिता, ज्याचा पत्ता सरकारनेच बदलला त्याला याहून कडक वागवत असेल, तर कुठेतरी तोल गेला आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो वकिलांचा. दिवाणी दाव्यात वादीने जातीने हजर राहण्याची गरज नसते, आदेश 3 प्रमाणे वकील किंवा मान्य मुखत्यार हजर राहिला तरी पुरते. मग तुरुंगाचा प्रश्न येतोच कुठे? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. वकील पक्षकाराचे काम पाहतो आहे की नाही, यावर पक्षकाराची नजर असते तेव्हाच ही व्यवस्था चालते. बाहेरचा माणूस तारखेला न्यायालयात डोकावतो, वकिलांच्या ऑफिसात चक्कर मारतो, मोबाईलवर प्रकरणाची पुढची तारीख पाहतो, नाही पटले तर वकीलपत्र बदलतो. बंद्याला यातले काहीच करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये असे ठरवले, तेव्हा समोरचा पक्षकार मोकळा होता, खेड्यातला असला तरी वकिलाकडे जाऊ शकत होता. त्याला जी कणव दाखवली गेली, तिचा हक्क बंद्याला अधिकच आहे. मुखत्याराचे म्हणाल तर नात्यातलाच कोणीतरी मुखत्यार होतो. दावा भावांविरुद्ध वाटपाचा असेल, बाप गेल्यावर सातबाऱ्यावरून नाव गळाल्याचा असेल, तर नात्यातले सगळे प्रतिवादींच्या रांगेत बसलेले असतात. अशा बंद्याने मुखत्यार कोणाला करायचे?

विधी सेवा प्राधिकरणाची मदत आहे ना, असेही विचारले जाईल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987च्या कलम 12 खाली कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत विधी सेवेचा हक्क आहे, आणि तो फक्त फौजदारी खटल्यापुरता नाही. ही तरतूद मोलाची आहे. पण देशातल्या तुरुंगांत 2022च्या अखेरीस असलेल्या 5,73,220 बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. तुरुंगात जाणाऱ्या वकिलांपुढे जामीन, आरोपपत्राच्या प्रती, अपील यांची रांग लागलेली असताना दूरच्या तालुक्यातल्या दिवाणी दाव्याची तारीख मागे पडते. त्यात कोणाची बेपर्वाई आहे असे मी म्हणत नाही. मात्र मदत मिळण्यासाठी आधी मागावी लागते, आणि मागण्यासाठी दाव्यावर गदा येते आहे हे कळावे लागते. विधी सेवेचा हक्क आणि माझी मागणी यांत त्यामुळे विरोध नाही. आगाऊ सूचना मिळाली तरच तो हक्क वापरता येतो.

तुरुंगाच्या दारापर्यंत आलेला कागद आतल्या माणसाच्या हाती पडतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या प्रकरणात पाहिले आहे. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार (1978) या खटल्यात शिक्षेविरुद्धची याचिका चार वर्षांहून अधिक उशिरा आली होती. उच्च न्यायालयाने निकालाची प्रत येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. ती आपल्याला मिळालीच नाही असे बंद्याचे म्हणणे होते, आणि मिळाल्याची त्याची सही दप्तरात कुठे नव्हती. याचिका फेटाळली गेली, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेवढ्यावर विषय सोडला नाही. बंद्यासाठी तुरुंगात आलेली निकालाची प्रत त्याला तातडीने द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी, असे त्यांनी बंधनकारक केले. एक कागद आणि त्यावरची एक सही, एवढ्यावर माणसाचा अपिलाचा हक्क टिकतो किंवा बुडतो, हे त्या निकालाने ओळखले. फौजदारी निकालाच्या प्रतीला जो न्याय लावला, तो दिवाणी दावा काढण्यापूर्वीच्या नोटिशीला लावायला काय अडचण आहे?

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत दावा न चालवल्याबद्दल तो काढण्याचा अधिकार नियम 41 खाली आहे, आणि 1962च्या लिंक विरुद्ध वॉबॅश रेलरोड या निकालाने तो पूर्वसूचनेशिवायही वापरता येतो असे मानले. स्वतःच स्वतःचा दावा चालवणाऱ्या तिथल्या बंद्यांना या अधिकाराचा फटका बसत आला आहे. एका तुरुंगातून दुसरीकडे हलवले, न्यायालयाची पत्रे जुन्या पत्त्यावरून परत आली आणि दावा संपला, असे होते. पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ह्यूस्टन विरुद्ध लॅक या प्रकरणात वेगळी वाट दाखवली. बंद्याने अपिलाची नोटीस निकालानंतर सत्ताविसाव्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती दिली होती, ती न्यायालयात नोंदली गेली एकतिसाव्या दिवशी, मुदत तीस दिवसांची. न्यायालयाने म्हटले की तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती कागद दिला तोच दाखल झाल्याचा दिवस. टपाल वेळेत पोचते की नाही हे बंदी पाहू शकत नाही, आणि कागद कधी हाती आला याची नोंद तुरुंगाकडेच असते, हे त्यामागचे कारण. जे एखाद्याच्या हातातच नाही त्याचा दोष त्याच्या माथी मारू नये, हे तत्त्व उचलण्याजोगे आहे.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप मात्र कायद्याचा नसतो. गुन्हा करून आत गेलेल्या माणसासाठी न्यायालयांनी एवढी धावपळ का करावी, असे लोक विचारतात, आणि त्या प्रश्नामागे ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याबद्दलची खरी कळकळ असते. तिला उत्तर दिले पाहिजे. आत असलेल्या बहुसंख्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, हे वर आलेच. पण सिद्धदोषाचे तरी काय? न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा दिली तर सात वर्षांचे स्वातंत्र्य घेतले. वडिलोपार्जित शेतातला हिस्सा घेतला नाही. ती जमीन गैरहजेरीच्या आदेशाने गेली, तर कुठल्याही दंडसंहितेत नसलेली शिक्षा त्याला झाली, आणि ती त्याच्या बायकामुलांनी भोगली. बंदिवासाने जेवढे अपरिहार्यपणे जाते तेवढेच जाते, बाकीचे हक्क माणसाकडे राहतात, हे महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी या 1965च्या निकालापासून ठरलेले आहे. स्थानबद्धतेत असलेल्या संझगिरींनी अणूविषयी मराठीत शास्त्रीय पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने नकार दिला. आपल्या उच्च न्यायालयाने ती दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. आंध्र प्रदेशातल्या एका उपकारागृहावर 1977 मध्ये बॉम्बहल्ला होऊन बाप ठार झाला आणि मुलगा जखमी झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या भरपाईच्या दिवाणी दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये, चल्ला रामकृष्ण रेड्डी प्रकरणात, सरकारची जबाबदारी कायम केली. बंद्यांचे दिवाणी दावे म्हणजे वेळ घालवण्याचे उद्योग असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी तो निकाल वाचावा. त्या दाव्याचा शेवट गैरहजेरीच्या दोन ओळींत झाला असता, तर तुरुंगातल्या माणसाच्या जिवाला सरकार जबाबदार आहे हे ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल आपल्याकडे नसता.

प्रलंबित प्रकरणांचे ओझे आणि प्रतिवादीचे हाल, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वर्षानुवर्षे दाव्याची टांगती तलवार घेऊन जगणाऱ्या प्रतिवादीलाही न्याय हवा. म्हणूनच बंद्याचा दावा कधीच काढू नका, असे मी म्हणत नाही. नोटीस मिळाल्यावरही ज्याने काही कळवले नाही, वकील मागितला नाही, दावा चालवायचा आहे असेही लिहून दिले नाही, त्याचा दावा जरूर काढावा. तसा झालेला आदेश प्रतिवादीच्याही हिताचा असतो, कारण तो टिकतो. आज मिळणारा आदेश तसा टिकत नाही. बंदी चार-पाच वर्षांनी सुटतो, त्याला दावा निघाल्याचे कळते, तो विलंब माफीचा अर्ज करतो, आणि तोवर जमीन तिसऱ्याच्या नावावर झालेली असते. मग त्या अर्जावर म्हणणे, त्यावर आदेश, त्या आदेशाविरुद्ध वर धाव, आणि यात आणखी वर्षे जातात. एक नोटीस वाचवून न्यायालयाचा वेळ वाचत नाही, तो पुढच्या न्यायाधीशांच्या खात्यावर चढतो.

नोटिशीसाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही. वादी तुरुंगात आहे हे न्यायालयाला कळावे कसे, हा एकच खरा व्यावहारिक प्रश्न, आणि त्याचे उत्तर प्रतिवादीकडे आहे. गावातल्या भावाला आपला भाऊ कुठे आहे हे पक्के माहीत असते. सरकार प्रतिवादी असेल तर त्याच्याकडे तुरुंगांची संगणकीय नोंद आहे. गैरहजेरीत दावा काढावा अशी विनंती करणाऱ्या प्रतिवादीने, वादी आपल्या माहितीप्रमाणे कोठडीत आहे की नाही याची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी, एवढे बंधन घातले तरी बहुतेक प्रकरणे उघड होतील. पुरशिशीत ‘आहे’ असे आले, किंवा दप्तरातून तसे दिसले, की न्यायालयाने आदेश 5 नियम 24 च्या धर्तीवर अधीक्षकांमार्फत नोटीस पाठवावी, बंद्याची सही असलेली पोच मागवावी, आणि तोच कागद जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही द्यावा. प्रत्येक तारखेला कैदी पार्टी पाठवून त्याला आणावे, असे कोणी मागत नाही. महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या 2003च्या निकालाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरची साक्ष मान्य केली, आणि रिमांडसाठी ती सोय तुरुंगांत रोज वापरली जाते. त्याच पडद्यासमोर बसून बंदी दिवाणी न्यायाधीशांना ‘मला दावा चालवायचा आहे’ एवढे नक्की सांगू शकतो.

हे करण्याचा अधिकार आपल्या न्यायालयाकडे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 122 खाली उच्च न्यायालय पहिल्या अनुसूचीतले नियम पूर्वप्रसिद्धी देऊन बदलू शकते, त्यांत भर घालू शकते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने हा अधिकार आजवर अनेकदा वापरला आहे. संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. आदेश 9 मध्ये एका नियमाची भर पडली की वादी कोठडीत असल्याचे दिसत असताना वरील नोटिशीशिवाय दावा निघणार नाही. मुदतीचे तीस दिवस मात्र मुदत अधिनियमात आहेत आणि ते नियमाने बदलता येणार नाहीत. पण आदेशाची प्रत बंद्याच्या हाती पडेपर्यंतचा काळ विलंब माफीच्या अर्जात पुरेसे कारण मानावा, अशी मार्गदर्शक सूचना देता येईल. नियमाला राज्य शासनाची मान्यता आणि हरकती-सूचनांचा टप्पा लागेल, त्यात वेळ जाईल. तोवर घटनेच्या अनुच्छेद 227 खालच्या देखरेखीच्या अधिकारात महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दिवाणी न्यायालयांना एक परिपत्रक पाठवता येईल.

संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा या 1955च्या निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांच्यापुढे प्रश्न याच आदेश 9 च्या अर्थाचा होता, आणि प्रक्रियेचे नियम न्यायाला वाट करून देण्यासाठी असतात, शिक्षा करण्यासाठी नव्हे, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. नियम समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय यावा, आणि तोवर ज्या दाव्यांत वादी बंदी असल्याचे दप्तरातूनच दिसते, ते वादीला कळवल्याशिवाय काढू नयेत असे सर्व जिल्हा न्यायाधीशांना कळवावे, ही आपल्याला विनंती.



न्यायाच्या वाटेवर विश्वास असलेला
एक नागरिक